उणे २,८८४ रुपये

(२० एप्रिल २०२०, सर्व वेळा भारतीय)

पहाटे ३.३० : न्यूयॉर्कच्या बाजारात मे महिन्याचा तेलवायदा १७.७३ डॉलरवर उघडतो. हा वायदा उद्या संपणार. त्यानंतर ज्याच्या हातात सौदा उरेल, त्याने ओक्लाहोमातल्या कुशिंगला जाऊन प्रत्येक सौद्यामागे हजार पिंपं उचलायची. पण तिथल्या टाक्यांतली जागा आधीच बोलून ठेवलेली. विमानं जमिनीवर, जग टाळेबंदीत. सौदी-रशियाने मार्चमध्ये भांडून बाजार तेलाने भरून ठेवलेला. उत्पादनात रोज ९७ लाख पिंपांची कपात ठरली खरी, पण ती १ मेपासून.

सकाळी ९ : मुंबईत एमसीएक्स हा वायदेबाजार उघडतो. इथला लॉट शंभर पिंपांचा, हिशेब रोखीत. टाकीची कटकट नाही. भाव चढेल या आशेने सौदा घेणाऱ्या तेजीवाल्याचं गणित सोपं: पडून पडून पडणार किती, शून्यापर्यंतच ना? न्यूयॉर्कच्या बाजाराने मात्र भाव उणे होऊ शकतो, अशी सूचना ८ तारखेलाच काढली होती. मुंबईच्या संगणकांत उणे चिन्हाची सोयच नव्हती.

संध्याकाळी ५ : एमसीएक्स बंद. एरवी रात्री ११.३०पर्यंत चालणारा बाजार ३० मार्चपासून टाळेबंदीमुळे पाचलाच मिटतो. शेवटचा भाव पिंपामागे ९६५ रुपयांच्या आसपास. मुंबईतल्या वायद्याचा आज शेवटचा दिवस, आणि अंतिम भाव ठरणार न्यूयॉर्कच्या बंद भावावरून, अजून सात तासांनी. तोवर सौदा कापायला वाव नाही.

७.३० : बीजिंगमध्ये रात्रीचे दहा. याच वायद्यावर चालणाऱ्या बँक ऑफ चायनाच्या तेल-योजनेतले व्यवहार थांबतात. तिथलेही छोटे गुंतवणूकदार अडकतात.

११.३० : एमसीएक्सची नेहमीची वेळ असती, तर तेजीवाला आत्तापर्यंत मार खाऊन का होईना, बाहेर पडला असता. न्यूयॉर्कचा भाव अजून शून्याच्या वर आहे.

११.३८ : शून्य ओलांडलं. पुढच्या काही मिनिटांत उणे ४०.३२ डॉलर. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या!

१२.०० : बंद भाव उणे ३७.६३ डॉलर. रुपयांत उणे २,८८४. पाचला ९६५ला एक लॉट घेऊन घरी बसलेल्याचं नुकसान ३,८४,९०० रुपये. तेवढाच फायदा समोरच्या मंदीवाल्याचा.

२१ एप्रिल : एमसीएक्स आधी तात्पुरता भाव लावतं एक रुपया, मग उणे २,८८४. काही दलाल कोर्टात जातात.

शून्यावर भरवसा ठेवणारा तेजीवाला भाबडा होताच. पण बाजाराची वेळ साडेसहा तासांनी कापून हिशेबाची वेळ मध्यरात्रीचीच ठेवणं, हा दोष बाजार चालवणाऱ्यांचा. २३ एप्रिलपासून एमसीएक्स पुन्हा रात्री ११.३०पर्यंत सुरू झालं.