हॉटेलच्या किचनमधला धूर साफ करणारं मशीन कसं जोडतात? आणि पंखा फिरला म्हणजे काम झालं, असं का नसतं?

खाली हॉटेल आणि वर फ्लॅट. मुंबई-पुण्यात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. खाली तवा तापला की वरच्या खिडक्या बंद होतात, आणि भांडण सोसायटीच्या मीटिंगमधून महापालिकेपर्यंत पोहोचतं. बऱ्याच ठिकाणी या भांडणावर उपाय म्हणून 'ईएसपी' बसवला जातो.

ईएसपी म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. अनेक जण याला सरसकट स्क्रबर म्हणतात, पण स्क्रबर धूर पाण्याने धुतो आणि ईएसपी तो विजेने पकडतो. तत्त्व जुनं आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ मध्ये कारखान्यांच्या धुरासाठी याच्या पेटंटचा अर्ज केला होता.

शेगडीवरच्या हुडमध्ये जाड तेल अडवणारे फिल्टर असतात. त्यांच्यातून निसटलेले तेलाचे बारीक कण आणि धूर डक्टमधून ईएसपीत येतात. तिथे बारीक तारांवर हजारो व्होल्टचा दाब असतो. तारांजवळून जाताना कणांवर विद्युतभार बसतो आणि पुढच्या पत्र्यांच्या प्लेट त्यांना ओढून घेतात. वास मात्र बराचसा तसाच पुढे जातो, कारण वास म्हणजे वायू. त्यासाठी मागे कार्बन फिल्टर लागतो. 'ईएसपी लावला तरी फोडणीचा वास येतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

वायरिंगमध्ये खरं काम कुठलं?

केबल ओढणं सोपं आहे. ब्लोअरच्या मोटरला ४१५ व्होल्टची थ्री फेज लाईन येते, ईएसपीच्या पॉवर पॅकला बहुधा २३० व्होल्टची सिंगल फेज. दोघांना वेगवेगळे एमसीबी आणि पॅनलपासून थेट अर्थिंग. ईएसपीच्या बॉडीचं अर्थिंग ढिलं असेल तर पुढे काहीच करू नये. मशीनच्या आत हजारो व्होल्ट आहेत आणि बाहेरचा पत्रा पोरं रोज हाताने पुसतात.

अवघड भाग पुढे आहे, तो म्हणजे इंटरलॉक. कोण कोणाच्या परवानगीशिवाय चालू होणार नाही, हे वायरिंगनेच ठरवायचं असतं. आधी ब्लोअर चालू होणार. हवा खरोखर वाहतेय असा सिग्नल आल्यावरच ईएसपीला वीज मिळणार. ईएसपीचं दार उघडलं की हाय व्होल्टेज ताबडतोब बंद. धुण्याचं पाणी सुरू असेल तर हाय व्होल्टेज चालूच होणार नाही. शेगडीच्या गॅसलाईनवरचा सोलेनॉइड व्हॉल्वसुद्धा याच साखळीत घेतात, म्हणजे एक्झॉस्ट बंद असताना बर्नर पेटतच नाहीत.

आता 'हवा वाहतेय' हे पॅनलला कळणार कसं? बऱ्याच ठिकाणी स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवरूनच सिग्नल घेतला जातो. म्हणजे स्टार्टर ओढला गेला, की हवा आहे असं गृहीत. पण बेल्ट तुटला तरी मोटर फिरत राहते आणि पॅनलवरचा हिरवा दिवा मस्त जळत राहतो.

'मग ओव्हरलोड रिले आहे ना?' तो इथे कामाचा नाही. किचनमधला ब्लोअर साधारणपणे सेंट्रिफ्युगल असतो. फिल्टर तेलाने तुंबले की हवा कमी होते, आणि हवा कमी झाली की या मोटरवरचा भार वाढत नाही, घटतो. ॲम्पिअर खाली येतात. रिले वाट बघतो ॲम्पिअर वाढण्याची. तो मोटर वाचवतो, किचन नाही.

म्हणून हवेचा दाब मोजणारे स्विच लागतात, आणि एक नाही, दोन. पहिला ब्लोअरने निर्माण केलेला दाब बघतो. तो नसेल तर बेल्ट तुटलाय किंवा पंखा बंद आहे. दुसरा फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब ताडून बघतो. फरक वाढला तर फिल्टर तुंबलेत. एकट्या पहिल्या स्विचवर भागत नाही, कारण फिल्टर तुंबल्यावर ब्लोअरची ओढ वाढलेली दिसते आणि तो खुशाल 'सगळं ठीक' म्हणतो. खर्च कमी करताना नेमका दुसरा स्विच कापला जातो.

पहिल्यांदा चालू करताना

हे काम परवानाधारक माणसाचंच आहे. पण हॉटेलमालकाने किंवा मॅनेजरने शेजारी उभं राहून बघावं, असं बरंच आहे.

मेन बंद ठेवून मोटर आणि केबलचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासतात. त्याआधी व्हीएफडी आणि ईएसपीचा पॉवर पॅक सर्किटमधून सोडवायलाच हवा, नाहीतर मेगरच त्यांतली इलेक्ट्रॉनिक कार्डं जाळतो. मग ब्लोअर क्षणभर फिरवून बंद करतात आणि पंखा केसिंगवरच्या बाणाच्या दिशेने फिरतोय का ते बघतात.

इथे मोठी फसगत होते. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त बरीच कमी. हुडला कागद लावला तर तो चिकटतो आणि सगळे खूश होतात. मग चार दिवसांनी वस्ताद म्हणतो, 'नवीन मशीन आहे पण किचनमध्ये धूर भरतो.' त्यामुळे दिशा बाणावरूनच तपासायची, कागदावरून नाही. उलटी निघाली तर तीनपैकी कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की झालं.

ब्लोअर नीट चालला की तिन्ही फेजचे ॲम्पिअर मोजून मोटरच्या नेमप्लेटशी ताडायचे. ५ एचपीच्या मोटरला पूर्ण भारावर साधारण ७ ॲम्पिअर लागतात. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या आकड्यावर लावायचा. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून कोणी तो वाढवून ठेवला असेल, तर ट्रिप होण्याचं कारण अजून तिथेच आहे.

यानंतर इंटरलॉकची परीक्षा, तीही मुद्दाम बिघाड करून. फिल्टरवर पुठ्ठा लावून हवा अडवा, अलार्म आला पाहिजे. दाराचा स्विच सोडा, हाय व्होल्टेज गेलं पाहिजे. ब्लोअर बंद करा, गॅस तुटला पाहिजे. सगळ्यात शेवटी कोरड्या प्लेटांवर हाय व्होल्टेज. अधूनमधून 'टिच' असा आवाज आला तर काळजी नाही. सतत तडतड होत असेल तर प्लेट ओल्या आहेत, वाकल्यात किंवा तार सुटली आहे.

धुणं आणि आग

पकडलेलं तेल प्लेटांवरच साठतं, म्हणून त्या धुवाव्या लागतात. कॉस्टिक सोडा नको. प्लेट बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. गरम पाणी आणि कंपनीने सांगितलेलं सौम्य डिटर्जंट पुरतं. वीज बंद केल्यावरही प्लेटांवर थोडा वेळ चार्ज राहतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, अर्थिंगच्या दांडीने तो उतरवूनच हात घालायचा. प्लेट पूर्ण वाळेपर्यंत मशीन चालू करायचं नाही, आणि रात्री धुऊन सकाळी घाईत चालू करणाऱ्यांकडून हीच चूक होते.

डक्टमध्ये साठलेलं तेल म्हणजे इंधनच. तव्यावर भडका उडाला आणि ज्वाळा हुडमध्ये ओढली गेली, तर आग डक्टमधून वरच्या मजल्यांच्या भिंतीलगत चढते. म्हणून हुडमधली आग विझवणारी यंत्रणा सुटली की त्याच क्षणी गॅस, ईएसपीचं हाय व्होल्टेज आणि बाहेरची ताजी हवा आत आणणारा पंखा बंद व्हायला हवा. एक्झॉस्टच्या ब्लोअरचं काय करायचं? अमेरिकेतल्या एनएफपीए ९६ या मानकानुसार तो साधारणपणे चालू ठेवायचा असतो. तुमच्या इमारतीसाठी काय ठरलंय ते फायर सल्लागाराकडून लेखी घ्या आणि वायरिंग त्याप्रमाणेच करा. हे वायरमनने साइटवर अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

महाराष्ट्रात २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. एजन्सीचा माणूस आलाच आहे, तर हुडमधली यंत्रणा सुटल्यावर गॅस खरंच तुटतो का, हे त्याच्यासमोर करून बघा. पहिल्या दिवशीचे ॲम्पिअर, दोन्ही स्विचचे दाब आणि तारीख एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. सहा महिन्यांनी ॲम्पिअर कमी भरले, तर आधी फिल्टर आणि बेल्ट बघायचा.