दोन शब्द आणि तेरा महिने

आष्टी हे आज जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील गाव. निजामी राजवटीत हा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. १५ ऑगस्टला ध्वज फडकला असताना महिन्याभरात पुन्हा का, असे मुले विचारतात. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, मराठवाडा १९४८ साली. या तेरा महिन्यांच्या अंतरामागे इतर कारणांबरोबर इंग्रजीतील दोन सारख्या शब्दांचा वादही होता: 'सॉव्हरेन्टी' आणि 'सुझरेन्टी'.

दोन्ही शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि दोहोंच्या मुळाशी 'वर' हाच अर्थ आहे. पहिल्याचे मूळ लॅटिन 'सुपर'. दुसऱ्याचे मूळ 'सुर्सुम'. लॅटिन मिस्सात अंतःकरणे वर करण्याचे आवाहन याच शब्दाने होत असे. अर्थ मात्र निराळे. ज्याच्यावर दुसरी सत्ता नाही त्याची सत्ता ती 'सॉव्हरेन्टी', म्हणजे सार्वभौमत्व. दुसऱ्या राजाला गादीवर ठेवून त्याच्यावर चालविलेली सत्ता ती 'सुझरेन्टी', म्हणजे अधिसत्ता. पहिलीत राजा स्वतंत्र असतो, दुसरीत मांडलिक.

निजामाने १७९८ साली तैनाती फौज स्वीकारली. १८०० च्या तहाने त्याचे परराष्ट्र व्यवहारही कंपनीच्या हाती गेले. तरीही १९२५ साली वऱ्हाडच्या प्रश्नावर मीर उस्मान अली खान यांनी अंतर्गत कारभारात आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे आहोत, असा दावा केला. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर धाडले: हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील 'सुझरेन्टी' संपुष्टात आणली. निजामाने यातून सोयीचा अर्थ काढला: वरची सत्ता गेली, म्हणजे आपण आपोआप सार्वभौम झालो. १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लाख प्रजेचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने नेमका तोच पुढे केला. सत्ता लोकांची आहे, असे म्हणत तिने ७ ऑगस्ट १९४७ पासून भारतात विलीन होण्यासाठी आंदोलन छेडले. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला; रझाकारांचे अत्याचार मात्र थांबले नाहीत. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या सूडसत्रात अनेक निरपराध मुसलमानांचे प्राण गेले, हेही सत्य विसरता कामा नये.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. 'सार्वभौम' हा शब्द राहिला, परंतु त्याचा धनी बदलला. तो आता राजा नव्हता. भारताचे लोक होते. निजाम राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत राहिले, पण त्याच घटनेच्या चौकटीत.

म्हणून मुलांना उत्तर द्यावे ते असे: १५ ऑगस्टला देशावरची परकी सत्ता गेली, १७ सप्टेंबरला, लोकांना न विचारता त्यांचा धनी होऊ पाहणाऱ्या सत्तेचा शेवट झाला. वरची सत्ता हटली म्हणजे खालचा माणूस मोकळा होतोच असे नाही. ज्या घरात, ज्या संस्थेत वा ज्या धर्मग्रामात निर्णयाच्या वेळी माणसे विचारातच घेतली जात नाहीत, तेथे हा धडा अजून शिकायचा राहिला आहे.