घोट्याचं ब्लडप्रेशर

“थोडं चाललं की पोटरी भरून येते. थांबलं की बरं वाटतं. पुन्हा चाललं की पुन्हा तेच.” भारतातून सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांच्या तोंडून हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. वय झालं, गुडघे झिजले, असं म्हणून आपण विषय संपवतो. पण त्यातल्या “थांबलं की बरं वाटतं” या चार शब्दांना जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात होते एका घोडीपासून!

१८३१ साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या पशुवैद्याने गाडी ओढणाऱ्या एका घोडीची हकिगत लिहून ठेवली. थोडं पळाली की ती लंगडायची, विश्रांती मिळाली की पुन्हा ठीक. ती मेल्यावर पाहिलं तर मागच्या पायांच्या धमन्या बंद झालेल्या. पुढे १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्कोने तसंच दुखणं एका माणसात दाखवलं. त्या माणसाला पूर्वी बंदुकीची गोळी लागली होती आणि पायाकडे जाणारी धमनी निकामी झाली होती. घोड्यांच्या डॉक्टरचा ‘थांबून थांबून लंगडणं’ हा शब्द शार्कोने माणसांच्या वैद्यकात आणला. लॅटिनमधून आलेला ‘क्लॉडिकेशन’ हा शब्द डॉक्टर आजही वापरतात.

म्हणजे रोग कळला. पण मोजायचा कसा? डॉक्टर पावलावरची नाडी बोटांनी चाचपायचे, पाय वर उचलून पांढरा पडतो का ते बघायचे. सगळं अनुभवावर आणि अंदाजावर. एक डॉक्टर म्हणणार नाडी लागते, दुसरा म्हणणार लागत नाही.

मला या गोष्टीतला सर्वात मजेदार भाग वाटतो तो इथून पुढचा. दंडाला बांधायची हवेची पट्टी इटलीत तुरीनच्या रिव्हा-रोच्चीने १८९६ मध्ये आणली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्हने त्या पट्टीखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली. आपलं ब्लडप्रेशर आजही त्याच पद्धतीने मोजतात. पण हा कोरोत्कोव्ह होता सर्जन. रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांच्या फाटलेल्या धमन्या त्याने पाहिल्या होत्या. धमनी बांधून टाकली तर हात किंवा पाय वाचेल का, हा त्याचा खरा प्रश्न होता. पट्टी होती, स्टेथोस्कोप होता, प्रश्नही पायाचाच होता! तरी ती पट्टी दंडावरच राहिली.

कारण साधं आहे. घोट्यापाशी ते आवाज स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाहीत, आणि धमनी अरुंद झालेली असेल तर मुळीच नाहीत. म्हणजे ज्याला तपासायचं त्याच्याच पायात काही ऐकू येणार नाही. १९५० मध्ये अमेरिकेत ट्रॅव्हिस विन्सरने नाडीच्या ठोक्याबरोबर अवयवाचं आकारमान किती बदलतं हे टिपणारं यंत्र वापरून हातापायांचे दाब मोजले. रोगी पायात दाब कमी भरतो हे त्याने आकड्यांत दाखवलं, पण ते यंत्र काही प्रत्येक दवाखान्यात मावणारं नव्हतं.

अडलेलं काम सुटलं ते आकाशातल्या ताऱ्यांमुळे. क्रिस्टियन डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागला जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल एक सिद्धांत मांडला होता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलटने चालत्या आगगाडीत तुताऱ्या वाजवणारे बसवून आवाजापुरता तो खरा करून दाखवला. १९५० च्या दशकात जपानमध्ये ओसाकाच्या सातोमुरांनी अल्ट्रासाउंड वापरून हृदयाची हालचाल याच तत्त्वावर टिपली. १९६० च्या दशकात सिअॅटलला स्ट्रँडनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पायांच्या धमन्यांपर्यंत आणलं. वाहत्या रक्तावरून परत आलेला ध्वनी ‘हुश्श-हुश्श’ असा ऐकू येतो, प्रवाह क्षीण असला तरी. १९६९ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधून याओ, हॉब्ज आणि अर्व्हाइन यांचा निबंध आला आणि घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब हे गणित रुळलं. अँकल-ब्रेकियल इंडेक्स, म्हणजेच एबीआय, तो हाच.

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना भागाकाराचं महत्त्व चटकन पटतं. नुसता घोट्याचा ९८ हा आकडा काही सांगत नाही. दंडावर ९५ असेल तर उत्तम, १४० असेल तर गुणोत्तर ०.७०, म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे. पेशंटला थोडा वेळ आडवं झोपवून मोजतात. १.०० ते १.४० ठीक, ०.९० किंवा कमी म्हणजे धमनीचा रोग. मधलं काठावरचं. सुई नाही, दुखणं नाही.

एवढं सोपं असूनही ते होत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत ‘पार्टनर्स’ नावाची पाहणी प्रसिद्ध झाली. सत्तरीपुढचे, आणि पन्नाशीपुढचे सिगारेट ओढणारे किंवा मधुमेही, असे जवळपास सात हजार लोक तपासले. त्यातल्या २९ टक्के लोकांना हा रोग होता. ज्यांचं निदान आधीच झालेलं होतं, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांच्याच डॉक्टरांना ते माहीत होतं! आणि प्रश्न फक्त चालण्याचा नाही. पायाची धमनी चोंदते तेव्हा हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा शाबूत नसतात.

मग सगळ्यांचीच चाचणी का करत नाहीत? अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये सांगितलं की काहीच त्रास नसलेल्यांना त्याचा फायदा होतो की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. मला हे पटतं. पण पोटरी भरून येणाऱ्याला हे लागू नाही, त्याला त्रास आहेच.

आपल्या लोकांत मधुमेह घरोघरी, म्हणून आणखी एक सांगतो. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्टीने दबतच नाहीत. मग आकडा खोटाच मोठा येतो, १.४० च्याही वर, आणि रोग लपतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटी पट्टी बांधून तिथला दाब मोजतात, कारण अंगठ्यातल्या बारीक वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.