टमरेल ते टांगता कमोड

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संडासावर लेख? काही जण नाक मुरडतील. पण पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत सर्वांत जास्त हातोडे पडले ते याच खोलीत. तेव्हा तिचाही इतिहास नोंदवायला हवा.

पळसदरीहून खोपोलीला रेल्वे १८५६ सालीच सुरू झाली. घरोघरी संडास यायला मात्र त्यानंतर कितीतरी पिढ्या गेल्या. तोवर टमरेल घ्यायचं आणि परसाकडे जायचं. बायकांनी तर अंधारातच. आपल्यातले बरेच जण मुंबईच्या चाळींतून इथे आले. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. जुन्या शहरांत टोपलीचे संडास होते. तिथला मैला वाहण्याचं काम जातीच्या नावाखाली काही माणसांवर लादलं होतं. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं आणि मैल्याचं खत करणारा ‘गोपुरी संडास’ लोकांपुढे ठेवला. ही प्रथा बंद करणारा कायदा यायला १९९३ साल उजाडलं.

त्यामानाने आपण नशीबवान. बिल्डरने प्रत्येक घरात स्वतंत्र संडास दिला. भारतीय बैठकीचा, तीन फूट बाय चार फूट, दार आत उघडणारं. तेव्हा आपले गुडघे शाबूत होते!

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याच एका आजींनी रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं. मुलाने कमोड बसवायचं ठरवलं. टाकीसकट साधा कमोड भिंतीपासून सव्वादोन फूट पुढे येतो. दार उघडायचं कसं? म्हणून भिंतीवर टांगायचा कमोड निवडला. टाकी भिंतीत लपवण्याची ही पद्धत स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने १९६४ मध्ये आणली.

‘टांगता घेतला की जागा वाचते’ हे मात्र अर्धंच खरं. आपली साडेचार इंची भिंत माणसाचं वजन पेलत नाही. त्यासाठी लोखंडी फ्रेम जमिनीत आणि भिंतीत बोल्टने पक्की करावी लागते. ती झाकायला सहा इंच जातातच. आखूड भांडं घेतलं तर पुढे दोन-तीन इंच वाचतात. खरा फायदा खाली: फरशी मोकळी राहते, फडका सरळ फिरतो, आणि बैठकीची उंची आजींच्या गुडघ्यांना जमेल अशी ठेवता येते. दार बाहेर उघडणारं केलं तेव्हा काम सुटलं. आत कोणी पडलं, तरी दार अडत नाही, हा आणखी एक लाभ.

घोटाळा झाला तो वेगळाच. जुन्या भांड्याची वाट फरशीखालून होती, नव्याची जमिनीपासून साधारण नऊ इंचांवर, भिंतीतून. जुनं भांडं काढताना खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं. कारागिराने वरून नुसत्या टाइल्स लावल्या. पावसाळ्यात खालच्या घराच्या छताला ओल धरली, आणि दोन शेजारी महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

शेवटी कमिटीने दोघांना एकत्र बसवलं. फरशी पुन्हा उकलली, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं आणि टाइल्स लावण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या काकू रोज छत बघून वर निरोप देत होत्या, “अजून कोरडंय हो!” तेव्हापासून हा आपला नियमच झाला: काम काढण्याआधी खालच्या घरी सांगायचं, पाण्याची चाचणी त्यांच्यासमोर करायची, आणि टाकीपर्यंत हात पोचेल अशी बटणाची पट्टी कधीही टाइलखाली बुजवायची नाही.

आजी आता रात्री झोपताना तांब्याभर पाणी उशाशी ठेवतात.