शर्यतीआधीचे सात दिवस

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी मुलांना एकच उपदेश करतो. पुस्तके मिटा, थोडे फिरून या आणि लवकर निजा. मुले खुशीत हसतात. आईबापांच्या कपाळाला मात्र आठ्या पडतात. मास्तरच असे बोलू लागले तर पोरांचे व्हायचे कसे!

पण वाचकहो, हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. त्याची किंमत एका पोराने मोजली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नुकता नोकरीला लागलो होतो. वर्गात एक धनगराचा मुलगा होता. अंगाने काटकुळा, पण धावू लागला की पाहत राहावे. तालुक्याच्या आठ किलोमीटरच्या शर्यतीत त्याचे नाव मी घातले आणि शेवटच्या दोन दिवसांत, हाती घड्याळ घेऊन, त्याला ते सारे अंतर तीनदा पळवले. मनात म्हटले, तयारी जितकी जास्त तितकी बरी. शर्यतीच्या दिवशी अर्ध्या वाटेवर तो एका चिंचेखाली मटकन बसला. "गुरुजी, पाय उचलेचनात," एवढेच म्हणाला. पुन्हा तो मैदानावर आला नाही.

तेव्हापासून मोठे धावपटू शर्यतीच्या आधीचे दिवस कसे काढतात, हे शोधण्याचा मला नाद लागला. त्या शोधात सर्वांत अधिक भेटला तो एमिल झाटोपेक.

हा चेकोस्लोव्हाकियाचा गडी. तरुणपणी झ्लीन गावी बाटाच्या कारखान्यात कामाला होता. बाटाचे जोडे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाहीत? त्या कारखान्यानेच 1941 साली त्याला जवळजवळ बळेच एका शर्यतीत उतरवले. पुढे हा माणूस सरावाच्या बाबतीत राक्षसच झाला. चारशे मीटर वेगाने धावायचे, जरा हळू व्हायचे, पुन्हा धावायचे. असे वीस-वीस, चाळीस-चाळीस फेरे तो रोज घेई, आणि तेही कधी लष्करी बूट घालून. विसावा हा शब्द त्याच्या कोशातच नव्हता.

पण नियतीने एकदा त्याला सक्तीचा विसावा दिला. 1950 साली ब्रुसेल्सला युरोपीय स्पर्धा होत्या. त्याच्या थोडेच दिवस आधी अन्न बाधले आणि स्वारी रुग्णालयात पडली. बिछान्यावरून उठून तो थेट स्पर्धेला गेला आणि दहा हजार मीटरची शर्यत त्याने 69 सेकंदांनी, म्हणजे मैदानाच्या एका पूर्ण फेरीच्या अंतराने जिंकली. पाच हजारही 23 सेकंदांनी मारली. दोन्ही वेळी दुसरा आला तो फ्रान्सचा आलँ मिमून. हे नाव ध्यानात असू द्या. थकलेल्या शरीरात केवढे बळ दडून बसलेले असते आणि ते बाहेर येण्यासाठी केवळ थांबावे लागते, याचा हा दाखला. खेळाचे वैद्यक शिकणारे आजही तो कौतुकाने सांगतात.

आता हेलसिंकीचा आठवडा पाहा. 20 जुलै 1952 रोजी झाटोपेकने दहा हजार मीटर जिंकली. 22 तारखेला पाच हजारांची प्राथमिक फेरी आणि 24 ला अंतिम शर्यत, तीही जिंकली. त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. आणि 27 तारखेला हा गृहस्थ आयुष्यातील पहिली मॅरेथॉन धावायला उभा राहिला! आठ दिवसांत 62 किलोमीटर शर्यतीचेच झाले. मग विसाव्याचा नियम कुठे गेला?

त्याच्या शेजारी उभा होता इंग्लंडचा जिम पीटर्स. सहा आठवड्यांपूर्वीच, 14 जूनला, त्याने 2 तास 20 मिनिटे 42 सेकंदांत मॅरेथॉन पुरी करून जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. कागदावर पाहिले तर पदक त्याचेच. पण हेलसिंकीला तो आला वादळात सापडलेल्या विमानातून, अंग आखडून. आरंभी तोच जोरात निघाला. झाटोपेक त्याला गाठून वेगाविषयी साळसूदपणे चौकशी करू लागला, तेव्हा पीटर्सने वेग कमीच असल्याचे ऐकवले, अशी कथा आहे. तिसाव्या किलोमीटरनंतर पायांत गोळे येऊन पीटर्सने शर्यत सोडली. झाटोपेक 2 तास 23 मिनिटे 3 सेकंदांत एकटाच मैदानात शिरला.

त्याच आठवड्यात, त्याच गावात, आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्ती खेळत होते. एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. 23 जुलैला मिळालेले त्यांचे कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्या अर्ध्या तासाचा विचार आला की माझे मन अजून हळहळते. विश्रांती हा आळस नव्हे. तो खेळाडूचा हक्क आहे.

झाटोपेकलाही हे पुढे कळायचे होते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली; त्याने ती घेतली नाही. तो पळतच राहिला. आणि मिमून? 1944 साली इटलीच्या लढाईत त्याचा पाय जवळजवळ कापावा लागणार होता. पुढे ऑलिंपिकमध्ये झाटोपेकच्या मागे राहून त्याने तीन रौप्यपदके घेतली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याला घरून मुलगी झाल्याची वार्ता आली. 1 डिसेंबरला पस्तिसाव्या वर्षी तो पहिलीच मॅरेथॉन धावला आणि जिंकला! पण अभिनंदन करणाऱ्यांकडे न वळता तो रेषेपाशी मित्राची वाट पाहत थांबला. झाटोपेक सहावा आला. मिमून जिंकल्याचे कळताच त्याने डोक्यावरची टोपी उतरून वंदन केले आणि दोघांनी मिठी मारली.

पुढे शास्त्रज्ञांनी या साऱ्याचे कारण सांगितले. 1967 साली स्वीडनमधील संशोधकांनी सुईने स्नायूंचे कण काढून तपासले. स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिदोरी असते. ती भरलेली असेल तर माणूस अधिक काळ टिकतो. आणि ती भरते कष्ट थांबल्यावर, पिष्टमय अन्नाने. म्हणून आजचे धावपटू दोन-तीन आठवडे आधीच अंतर उतरवत आणतात. शेवटच्या आठवड्यात गप्पा मारता येतील इतक्या सावकाश, थोडेसेच धावतात. मध्येच चार पावले वेगाने टाकतात, ती केवळ पायांना आठवण राहावी म्हणून. भात, पोळी, बटाटा खातात. नवा जोडा पायात घालत नाहीत, नवा पदार्थ तोंडात घालत नाहीत. त्या दिवसांत पाय शिवशिवतात, मन शंका काढते, उगाच कुठेतरी दुखू लागते. पण शेवटच्या आठवड्यात बळ कमावता येत नाही. कमावलेले घालवता मात्र येते. झाटोपेकची हेलसिंकीची कमाई अनेक वर्षांची होती, हे विसरून आम्ही त्याच्या आठवड्याची नक्कल करायला जातो.

गेल्या हिवाळ्यात शाळेची शर्यत होती. आदल्या दिवशी मैदानाच्या फाटकापाशी एक गृहस्थ उभा दिसला. तोच माझा जुना विद्यार्थी. त्याची मुलगी आता आमच्या शाळेत आहे. जरा घुटमळून त्याने विचारले, "गुरुजी, आज किती पळवणार हिला?"

मी म्हटले, "वीस मिनिटे. तीही मैत्रिणींशी बोलत. मग घरी ने, पोटभर जेवू घाल आणि निजव."

तो काही बोलला नाही. पोरीचे दप्तर मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसला, आणि वीस मिनिटे होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला.