निनावी निषेधपत्रे

नाव न देता किंवा टोपणनावाने लिहिलेली, सत्तेचा अथवा समाजातल्या अन्यायाचा जाहीर निषेध करणारी पत्रे. कुणा एकाची चहाडी करणारे निनावी अर्ज यांत मोडत नाहीत. ही पत्रे अनेकांनी वाचावीत म्हणूनच लिहिली जातात.

रशियन वाङ्मयात हा प्रकार हस्तलिखितांच्या काळातला. पोलिश फौज मॉस्कोत ठाण मांडून असताना, १६१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेली ‘नवी कथा’ हा त्याचा ठळक नमुना. लेखक स्वतः शत्रूच्या चाकरीत असल्याचे सुचवतो आणि बायकामुलांच्या काळजीने नाव लपवतो. पण हा कागद विश्वासातल्या माणसांनाच दाखवा असे बजावून परकीयांविरुद्ध उठायला सांगतो. पुढे पहिल्या पीटरच्या अमदानीत अशा पत्रांचा सुळसुळाट झाला. सापडलेले पत्र न वाचताच साक्षीदारांसमोर जाळून टाकावे, असा हुकूम १७१५ मध्ये निघाला.

मराठी मुलखात हा प्रकार रुजला तो वर्तमानपत्रांत. १८३५ मध्ये छापखान्यांवरचे परवान्याचे निर्बंध उठले आणि सहाच वर्षांनी, १८४१ मध्ये, मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीची आठ इंग्रजी पत्रे आली. लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर (१८१६–४७), व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. वय अवघे पंचविशीचे. राज्यकर्त्यांना ते थेट ‘तुम्ही’ म्हणून जाब विचारतात. पेंढारी आणि रामोशी यांच्यापासून आम्हांला सोडवलेत म्हणता. पण त्यांना पाचसहाशे वर्षांत जमले नसते तेवढे आमचे खिसे तुमच्या व्यापाराने थोडक्या वर्षांत रिकामे केले, असा त्यांचा हिशेब आहे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाचा विचार मांडला तो याच्या सुमारे पाव शतकानंतर. इतिहाससंशोधक जे. व्ही. नाईक यांनी या पत्रांचे मोल पुढे आणले. तरीही त्यांची गणना आर्थिक विचाराच्या पूर्वपीठिकेतच होते, हे अपुरे वाटते. त्यांतला संताप, उलटतपासणीचा सूर आणि प्रतिपक्षाचेच दावे त्याच्यावर उलटवण्याची हातोटी पाहता ही पत्रे साहित्य म्हणूनही वाचायला हवीत.

मराठीत या प्रकाराला घाट दिला गोपाळ हरी देशमुखांनी. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली १०८ पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. देशमुख सरकारी नोकरीत होते, जन्माने ब्राह्मण होते, आणि त्यांच्या टीकेचा मोठा रोख स्वजातीच्या आळसावर, पोकळ विद्येवर, बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर होता. म्हणजे टोपणनावाची गरज सरकारइतकीच घरच्या माणसांसमोरही होती. वाक्ये तुटक, बोलीतली, कधी फटकळ. विद्वत्तेचा आव नाही. हिंदुस्थानाने पार्लमेंट मागावे, हेही याच पत्रांत आहे.

छापील पत्राने जोखीम मात्र लिहिणाऱ्याकडून छापणाऱ्याकडे सरकवली. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक झाले. १८७० मध्ये राजद्रोहाचे कलम आले. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता भवानी तलवारीच्या सहीने प्रसिद्ध झाली. ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त यांवरून खटला भरला गेला तो ‘केसरी’चे संपादक बाळ गंगाधर टिळकांवर. त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.