कॅसेटचा काळ

चुंबकीय तंत्राने आवाज टिपण्याची विद्या कॅसेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज मुद्रित करून दाखवला. तीस वर्षांनी जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने कागदाच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप दिला, आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीचा ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढे आला. त्याची प्लॅस्टिकची टेप बीएएसएफने बनवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचले आणि बघता बघता रेडिओ केंद्रांत व ध्वनिमुद्रण स्टुडिओंत रुळले. घरगुती माणसाला मात्र ते जड जाई. टेप उघड्या रिळावर असे. ती हाताने, आवाज टिपणाऱ्या-वाचणाऱ्या ‘हेड’पुढून ओवून दुसऱ्या रिकाम्या रिळावर नीट गुंडाळावी लागे, आणि यंत्र उचलायचे तर दोन्ही हात लागत.

ही अडचण फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हासेल्ट येथील कारखान्यात सुटली. तिथला अभियंता लाउ ओटेन्स याने नव्या टेपरेकॉर्डरची मापे आखण्याआधी एक लाकडी ठोकळा कापून घेतला. जाकिटाच्या बाजूच्या खिशात तो ठोकळा मावला पाहिजे, म्हणजेच यंत्र तेवढेच असले पाहिजे, ही त्याची अट होती. आकार आधी ठरला आणि आतली यंत्रणा त्यात बसवली गेली. (तो ठोकळा पुढे हरवला, गाडीचे पंक्चर झालेले चाक बदलताना जॅकखाली टेकू म्हणून वापरला गेला होता.) ३० ऑगस्ट १९६३ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने ही कॅसेट आणि ती वाजवणारे ‘ईएल ३३००’ हे छोटे यंत्र मांडले.

कॅसेट उघडून पाहिली की तिच्यामागचा विचार लक्षात येतो. आत ३.८१ मिलिमीटर रुंदीची टेप दोन चकत्यांवर गुंडाळलेली असते. या चकत्यांना रिळासारख्या कडा नसतात. दोन्ही बाजूंचे गुळगुळीत पातळ कागद टेपला सरळ रेषेत ठेवतात, म्हणून सगळा ऐवज तळहाताएवढ्या डबीत मावतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकते. हा वेग चकत्या ठरवत नाहीत. कॅपस्टन नावाचा धातूचा बारीक दांडा आणि त्याला टेकलेला रबरी रोलर यांच्या चिमटीतून टेप ओढली जाते. चकती फक्त आलेली टेप गुंडाळून घेते. रोलरवर मळ बसला की टेप त्यालाच चिकटून त्याच्याभोवती वळू लागते, आणि यंत्र कॅसेट ‘खाते’. टेप हेडला टेकलेली राहावी म्हणून तिच्यामागे नमद्याचा एवढासा तुकडा पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर बसवलेला असतो. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन इवल्या प्लॅस्टिकच्या खुट्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डिंगचे बटण दाबलेच जात नाही, त्यामुळे मूळ मुद्रण चुकून पुसले जाण्याची भीती राहत नाही. त्यावर पुन्हा रेकॉर्ड करायचे झाले तर मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की काम भागते. स्टिरिओ कॅसेटमध्ये डाव्या आणि उजव्या आवाजाच्या वाटा एकमेकींना लागून ठेवल्या होत्या. साध्या मोनो यंत्राचे हेड दोन्ही वाटा एकदम वाचत असल्याने एकच कॅसेट महागड्या डेकवर आणि स्वस्त टेपवर सारखीच चाले.

कॅसेट जगभर पसरली ती या रचनेमुळे आणि तितकीच एका व्यावसायिक निर्णयामुळे. त्याच सुमारास इतर कंपन्यांच्याही कॅसेट बाजारात येत होत्या. सोनीशी झालेल्या वाटाघाटींनंतर फिलिप्सने आपली रचना वापरायला देताना शुल्क न घेण्याचे मान्य केले. ठरलेली मापे पाळणे एवढीच अट ठेवली. १९६० च्या दशकाच्या शेवटी जपान, युरोप आणि अमेरिकेतील बहुतेक सगळे कारखाने एकाच मापाची कॅसेट बनवू लागले होते.

सुरुवातीला कॅसेट मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी होती. इतक्या अरुंद आणि संथ टेपवर संगीताच्या मागे सतत ‘सस्स’ असा आवाज येई. तो कमी करण्याची युक्ती रे डॉल्बीची, आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. हा अमेरिकी अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. इथले संगीत ध्वनिमुद्रित करताना टेपवरच्या या खरखरीचा त्याला त्रास झाला आणि तिच्यावरच्या उपायाची कल्पना त्याला इथेच सुचली. १९६५ मध्ये त्याने लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली. ‘डॉल्बी बी’ ही घरगुती आवृत्ती आणि क्रोमियम डायऑक्साइडची नवी टेप १९७० च्या आसपास एकत्र आल्या, आणि कॅसेट संगीतासाठीही गंभीरपणे वापरली जाऊ लागली.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला, किंमत ३३,००० येन. पत्रकारांसाठी बनवलेल्या एका छोट्या रेकॉर्डरमधून मुद्रणाची सोय काढून टाकून तो घडवला होता. पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडता येत, आणि संगीत चालू असताना दोघांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटण होते. गाणे एकट्याने ऐकायची गोष्ट ठरेल असे बनवणाऱ्यांनाही वाटले नव्हते, हे त्या बटणावरून कळते. पाश्चात्त्य शहरांत वॉकमनने कॅसेटला वेगळेच वळण दिले. भारतात मात्र कॅसेटची कर्तबगारी दुसरीकडे होती, आणि ती ज्या मुद्रणाच्या सोयीवर उभी होती तीच सोय वॉकमनने टाकून दिली होती.

भारतात कॅसेटपूर्वी संगीताचा बाजार मुख्यतः एका कंपनीच्या हातात होता. कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, आणि तिचा कोलकात्याजवळच्या दमदमचा कारखाना. तबकडी काढायची तर धातूचे साचे बनवायचे, मग मोठ्या प्रेसवर माल छापायचा. खूप मोठ्या संख्येने प्रती खपण्याची खात्री नसेल तर हा खर्च परवडत नसे. साहजिकच बहुतांश माल हिंदी चित्रपटगीतांचा असे. मराठी भावगीते, नाट्यगीते आणि लावण्या निघत, पण थोड्या, आणि तबकडी वाजवणारा ग्रामोफोनही ठरावीक घरांतच असे.

१९७३ नंतर तेलाच्या पैशामुळे आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली. केरळप्रमाणे कोकणातूनही माणसे तिकडे गेली, आणि परत येताना त्यांच्या सामानात नॅशनल पॅनासॉनिक, सोनी किंवा सान्योचा ‘टू-इन-वन’ असे. रेडिओ आणि टेप एकाच खोक्यात, बॅटरीवर चालणारा, म्हणजे वीज नसलेल्या वाडीतही वाजणारा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात परदेशी टेप मिळत, तर सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी लॅमिंग्टन रोड होताच. दशक संपताना आयातीचे निर्बंध सैल होऊ लागले, देशातही टेपरेकॉर्डर जुळवले जाऊ लागले, आणि यंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

मग उत्पादनाचे गणितच पालटले. कॅसेटच्या प्रती काढायला कारखाना लागत नाही. एक मूळ टेप, तिला जोडलेले काही डेक आणि कोऱ्या कॅसेट एवढ्यावर एका खोलीत धंदा सुरू होतो, आणि दोनशे प्रतींतही खर्च निघू शकतो. ही संधी सर्वांत मोठ्या प्रमाणावर साधली ती गुलशन कुमार यांनी. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील या माणसाने १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज स्थापन केली; तिची मुद्रा म्हणजे टी-सीरिज. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात एक तरतूद होती: मूळ मुद्रणाला ठरावीक काळ उलटल्यावर, सूचना व मानधन देऊन, तेच गाणे नव्या गायकाकडून पुन्हा मुद्रित करता येई. तिचा आधार घेऊन जुन्या चित्रपटगीतांच्या ‘व्हर्जन’ कॅसेट निघाल्या आणि एचएमव्हीच्या मालापेक्षा पुष्कळ स्वस्त विकल्या गेल्या. अनुराधा पौडवाल यांचा आवाज याच कंपनीने घरोघरी नेला. १९९० च्या ‘आशिकी’ चित्रपटाच्या कॅसेट दोन कोटींच्या घरात खपल्याचे सांगितले जाते.

चोरट्या प्रतींचा बाजारही तितकाच फोफावला. १९८४ मध्ये कायदा दुरुस्त करून अशा नकलेसाठी किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड ठरवण्यात आला. शिक्षा कडक झाली, तरी एसटी स्टँडबाहेरच्या हातगाड्यांवरून या कॅसेट हटल्या नाहीत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कॅसेटचे सर्वांत मोठे देणे म्हणजे जे आवाज तबकडीपर्यंत क्वचितच पोहोचत, ते तिने बाजारात आणले. मंगळवेढ्यात जन्मलेले प्रल्हाद शिंदे कव्वाली आणि भक्तिगीते गात आले होते. कॅसेटमुळे त्यांचा खडा, मोकळा आवाज विठ्ठलाच्या भक्तांपासून ट्रकचालकांपर्यंत सर्वांना परिचयाचा झाला. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकप्रियता तर कॅसेटच्याच जोरावर उभी राहिली. जागरण-गोंधळ, खंडोबाची गाणी, कोळीगीते, लावण्या, तमाशाचे वग असा सारा लोककलेचा ऐवज दुकानाच्या फळीवर चित्रपटगीतांच्या शेजारी येऊन बसला. गोव्यात तियात्रातील कांतारे आणि कोंकणी गाणी आल्फ्रेड रोझसारख्या कलावंतांच्या कॅसेटमधून गाजली.

भीमगीतांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक गावोगाव फिरून आंबेडकरी विचार गाण्यांतून पोहोचवत होते. ही परंपरा जलशांची, समोरासमोरची. मोठ्या कंपन्यांना तिच्यात बाजार दिसला नव्हता, पण श्रोता तयार होता. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. लोक वर्षभराच्या कॅसेट तिथून घेऊन जात. ज्या वस्तीत वर्तमानपत्र येत नसे तिथेही टेप वाजे, आणि एका टेपभोवती पुष्कळजण ऐकत बसत.

शहरी मराठी घरांत कॅसेटने बोलका शब्दही आणला. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने पु. ल. देशपांडे यांची कथाकथने काढली. प्रेक्षकांच्या हशासकट ती ऐकताना घरच्यांनाही सभागृहात बसल्यासारखे वाटे, आणि पुस्तक कधी न उघडलेल्या मुलांनाही त्यांतली वाक्ये पाठ होती. परदेशी निघालेल्या मराठी माणसांच्या बॅगेत पुलंच्या कॅसेट हमखास असत. शास्त्रीय संगीतालाही लांबीचा मोठा लाभ झाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर राग तीन-साडेतीन मिनिटांत गुंडाळावा लागे, एलपीवर वीसेक मिनिटे मिळत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल अखंड राहू शकतो. रसिकांनी खासगी मैफली जागच्या जागी टिपल्या आणि आपसांत देवघेव केली. अनेक गायकांचे फुरसतीने मांडलेले गाणे आज ऐकायला मिळते ते या हौशी माणसांमुळे.

गल्लीतल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट नेऊन दिली की दोन दिवसांनी हवी ती गाणी भरून मिळत. दुकानदार प्रत्येक बाजूची मिनिटे मोजून गाणी बसवी. शेवटी जागा उरली तर आपल्या पसंतीचे एखादे घाली. कव्हरच्या कागदावर गाण्यांची नावे बारीक अक्षरांत लिहून मिळत. बॅटरी वाचवण्यासाठी कॅसेट पेन्सिलीवर फिरवून मागे नेली जाई. तुटलेली टेप दोन टोके तिरपी कापून, मागच्या बाजूने पट्टी लावून जोडली जाई. जोडावर गाणे क्षणभर अडखळे. हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसायचे असते, हे घरातल्या मुलांनाही ठाऊक होते. आखातात गेलेल्यांच्या कुटुंबांत बोलकी पत्रेही चालत. आई-बायकोचे बोलणे, लहानग्याचे बोबडे शब्द एका कॅसेटवर भरून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले जात. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना पत्रलेखकाची गरज उरली नाही.

राजकारणाने या सोयीचा उपयोग लवकरच ओळखला. १९७८ मध्ये फ्रान्समध्ये राहणाऱ्या अयातोल्ला खोमेनी यांची भाषणे कॅसेटवरून इराणभर पसरली. भारतातही १९९० च्या सुमारास जहाल भाषणांच्या कॅसेट वाटल्या गेल्या. सरकारी नभोवाणीला वगळून जाणारी ही वाट लोकगायकाला उपयोगी पडली तशी द्वेष पसरवणाऱ्यांनाही पडली.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी विक्रीला आली. तिच्या घडणीतही फिलिप्सचा आणि ओटेन्सचा वाटा होता. भारतात सीडी महाग असल्याने कॅसेट आणखी पंधरा-वीस वर्षे टिकली, पण एमपीथ्री आणि मग मोबाइल आल्यावर तिचा बाजार झपाट्याने ओसरला. २०१० मध्ये सोनीने जपानमध्ये कॅसेट वॉकमनची विक्री थांबवली. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत हौसेची एक लहान लाट आली. २०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ चित्रपटात नायकाजवळ १९७९ चा वॉकमन आणि आईने भरून दिलेली कॅसेट आहे. त्या गाण्यांची कॅसेट खरोखरच बाजारात काढली गेली. ओटेन्स ६ मार्च २०२१ रोजी, ९४ व्या वर्षी वारले.

खासगी मैफली, कीर्तने, जलसे आणि घरगुती पत्रे यांतले पुष्कळसे मुद्रण आजही फक्त कॅसेटवर आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, लेपाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ ओलाव्याने विघटित होतो आणि भुकटी हेडवर सुटू लागते. नव्वद मिनिटांची टेप मुळातच पातळ असल्याने लवकर ताणली जाते. संगणकावर उतरवण्याआधी अशी टेप बहुधा जुन्या डबीतून काढून पाच स्क्रूंच्या नव्या डबीत बसवावी लागते. नमद्याचा तुकडा बदलावा लागतो, हेडचा कोन त्या टेपपुरता जुळवावा लागतो. नव्वद मिनिटांची टेप चांगल्या दर्जाने उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात.